गुटी बांधली, पण मुळी का फुटली नाही?

मार्चच्या अंकात नांदरुकाच्या बोन्सायबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत, गुटी कलम, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिची साल काढून तिथं मुळ्या फोडायच्या आणि मग ती कापून वेगळं झाड करायचं. हा अंक हातात पडेल तोवर मे निम्मा झालेला असेल, एखादा वळीव पडून गेला असेल, म्हणजे विषय अगदी वेळेवर आलाय. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिलीये कारण त्यात जी चूक झालीये ती मी दहातल्या सात जणांच्या हातून होताना बघितलीये, मग झाड मेपल असो नाहीतर पेरू.

ताई, नमस्कार. माझ्या मोठ्या भावाचं पाचगणीला घर आहे, तिथं अंगणात जपानी मेपल आहे. हिमाचलहून रोप आणलं होतं, आता माणसाच्या डोक्यावर गेलंय. त्याची एक अंगठ्याएवढी जाड फांदी फार सुंदर आहे, तिचं बोन्साय करावं म्हणून गेल्या मे महिन्यात व्हिडिओ बघून गुटी बांधली. साधारण अर्धा इंच साल गोल काढली, ओलं मॉस (नर्सरीत मिळतं ते शेवाळ) लावलं, प्लॅस्टिक गुंडाळलं. गणपतीत सोडून बघितलं तर एक मुळी नाही, साल परत जुळून आलेली आणि तिथं नुसती गाठ. फांदी मात्र हिरवीगार. काय चुकलं? आणि यंदा जमलं तर झाड साताऱ्याला माझ्या गच्चीवर आणू का?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

दादा, तुमच्या पत्रातच उत्तर आहे बघा. अर्धा इंच साल काढली आणि ती जुळून आली. म्हणजे झाडानं जखम भरून काढली, त्याला मुळी फोडायची गरजच पडली नाही.

आपल्या तासगावकडं द्राक्षबागेत गर्डलिंग करतात ते तुम्ही बघितलं असेल. मणी धरल्यावर सालीची तीन-चार मिलिमीटरची बारीक पट्टी गोल काढतात, त्यामुळं पानांत तयार झालेलं अन्न खाली मुळांकडं जायचं थांबतं आणि काही दिवस वरच्या घडांना मिळतं, मणी फुगतो. पट्टी मुद्दाम बारीक ठेवतात कारण ती थोड्या आठवड्यांत भरून आली पाहिजे, नाहीतर वेलाची मुळं उपाशी राहतील. गुटीत आपल्याला बरोबर उलटं हवं असतं, जखम भरूनच यायला नको. तुम्ही गुटी बांधायला गेलात आणि झालं गर्डलिंग.

झाडात दोन रस्ते असतात. पाणी आतल्या लाकडातून वर चढतं आणि पानांत तयार झालेली साखर सालीतून खाली उतरते. आपण साल काढतो म्हणजे फक्त उतरायचा रस्ता तोडतो, चढायचा शाबूत राहतो, म्हणून तुमची फांदी चार महिने हिरवीगार राहिली. उतरणारी साखर आणि शेंड्याकडून येणारं ऑक्सिन, म्हणजे मुळी फोडायला लावणारं झाडाचं स्वतःचं हार्मोन, हे दोन्ही कापाच्या वरच्या कडेला येऊन अडकतात. तिथं ओल आणि अंधार मिळाला की झाड मुळी काढतं. मुळ्या नेहमी वरच्या कडेतूनच फुटतात, खालच्या कडेचा त्यात काही भाग नाही, त्यामुळं सगळी काळजी वरच्या कडेची घ्यायची.

आता मेपलचं. फांदी जेवढी जाड त्याच्या किमान दीडपट, शक्य असेल तर दुप्पट रुंदीची साल काढायची. तुमची अंगठ्याएवढी म्हणजे दोन सेंटीमीटर धरू, मग तीन-चार सेंटीमीटर साल जायला पाहिजे. पहिल्यांदा करताना हात कचरतो, एवढं उघडं लाकूड बघून वाटतं फांदी मेली आता. नाही मरत.

पण नुसती रुंदी पुरत नाही. साल काढल्यावर लाकडावर बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागतं, उकडलेल्या भेंडीसारखं. तो बुळबुळीत थर म्हणजेच नवी साल तयार करणारा थर, तो जिथं राहील तिथून साल परत जुळायला सुरुवात होते, एखाद्या धाग्याएवढी पट्टी राहिली तरी वरची साल खालच्या सालीला जाऊन मिळते आणि सगळं मुसळ केरात. म्हणून चाकूच्या मागच्या, बोथट बाजूनं ते लाकूड खरवडायचं, हलक्या हातानं पण सगळीकडून, विशेषतः फांदीच्या मागच्या बाजूनं जिथं आपली नजर जात नाही. मग कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि परत बोट फिरवायचं. बोटाला कोरडं, खरखरीत लाकूड लागलं की झालं. माझं माहेर आटपाडीचं, डाळिंबाच्या गुट्या बांधणाऱ्या बायका लहानपणापासून बघितल्यात, त्या खरवडून झालं की अंगठा फिरवून बघायच्या आणि मगच पुढच्या फांदीला हात लावायच्या. ती अंगठा फिरवायची सवय मी त्यांच्याकडूनच घेतलीये.

वरची कड मात्र धारदार चाकूनं एकदम स्वच्छ, सरळ गोल कापलेली हवी, कात्रीनं चावलेली नको. तिथं आयबीएची पावडर, मुळ्या फुटायची जी मिळते ती, ३००० पीपीएमची चालते, ब्रशनं नुसती टेकवायची. जास्त लावली म्हणून जास्त मुळ्या येत नाहीत, उलट कड काळी पडते.

मॉस रात्रभर पाण्यात भिजवा आणि मग मुठीत दाबून पिळा, पाणी टपकायचं थांबलं पाहिजे पण हाताला ओल लागली पाहिजे. चिखलासारखं ओलं मॉस बांधलं तर कड कुजते आणि पाचगणीच्या पावसात ही भीती खरी आहे. मोठ्या संत्र्याएवढा गोळा होऊ दे, कापाच्या वरही दोन बोटं मॉस असू दे. वरून पारदर्शक प्लॅस्टिक, त्यावर काळं प्लॅस्टिक किंवा स्वयंपाकघरातली फॉइल, कारण उजेड आत गेला तर हिरवं शेवाळ धरतं आणि मुळीलाही अंधार लागतो. वरचं तोंड सुतळी आणि चिकटपट्टीनं अगदी घट्ट, खालचं जरा सैल, म्हणजे फांदीवरून ओघळलेलं पावसाचं पाणी आत शिरणार नाही आणि शिरलंच तर खालून निघून जाईल. एक विनंती, मॉस नर्सरीतलं विकत घ्या. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, पावसाळ्यात तिथल्या झाडांच्या खोडावर गुबगुबीत शेवाळ दिसतं म्हणून काही लोक ओरबाडून आणतात, ते बघून जीव तुटतो. ते शेवाळ पावसाचं पाणी धरून ठेवतं, बारीक किडे, ऑर्किडची रोपं सगळी त्यावर जगतात.

फांदी कुठं कापायची हे बोन्सायसाठी सगळ्यात महत्त्वाचं, आणि व्हिडिओत हे कुणी नीट सांगत नाही. बागेसाठी रोप करायचं असेल तर कुठंही चालतं, पण बोन्सायचा बुंधा जमिनीला भिडतो तिथं मुळ्या सगळ्या बाजूंनी पसरलेल्या दिसायला हव्यात, जपानी लोक त्याला नेबारी म्हणतात आणि झाडाचं वय तिथंच वाचतात. बियांच्या रोपाला अशी नेबारी यायला वर्षानुवर्षं लागतात, एका बाजूला मूळ जाड आणि दुसरीकडं काहीच नाही असं होतं. गुटीत मात्र गोल कडेतून चारी बाजूंनी एकाच पातळीवर मुळ्या फुटतात. म्हणून तर जपानमध्ये मेपलला गुटी बांधतात, नुसतं एक झाड जास्त मिळावं म्हणून नाही. तुम्ही फांदीकडं असं बघा की इथून खालचं सगळं जमिनीत गेलंय, मग वर उरतं ते झाड कसं दिसेल? मेपलच्या फांद्या समोरासमोर जोडीनं येतात, अशा जोडीच्या जरा खाली कापलं तर दोन बुंध्यांचं जुळं झाड मिळतं. लांब सरळसोट तुकड्याच्या मध्यावर कापलं तर काठीला पानं लावल्यासारखं दिसेल आणि ते पुढं दुरुस्त करता येत नाही.

वेळ. पालवी फुटून पानं पूर्ण उघडली, कोवळेपणा जाऊन जरा कडक लागायला लागली की लगेच. कोवळ्या पानांच्या वेळी झाड साठवलेलं अन्न खर्च करत असतं, खाली पाठवत नसतं, तेव्हा बांधून उपयोग नाही. तुमचा मे महिना चुकलेला नव्हता, यंदाही हाच धरा, फक्त जोराचा पाऊस सुरू व्हायच्या आधी उरकून घ्या. आणि गुटीच्या वरची पानं, डहाळ्या अजिबात छाटू नका, मुळीला लागणारी साखर तीच पानं करणार आहेत.

मग थांबायचं. जपानी मेपलला आठ ते बारा आठवडे लागतात, कधी जास्तही. दर पंधरा दिवसांनी फक्त वरचं काळं प्लॅस्टिक किंवा फॉइल बाजूला करून बघा, आतलं पारदर्शक प्लॅस्टिक सोडू नका. आधी कडेला साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसतात, ती मुळी नाही, ती गाठ, पण चांगली खूण आहे. मग पांढऱ्या मुळ्या. पांढऱ्या मुळ्या दिसल्या की माणसाला राहवत नाही आणि फांदी कापून मोकळा होतो, इथं दुसरी मोठी चूक. पांढरी मुळी काचेसारखी असते, धक्का लागला की तुटते. ती तपकिरी होऊन, तिला फाटे फुटून, प्लॅस्टिकच्या आतून गोल फिरायला लागेपर्यंत थांबा. बारा आठवड्यांनी नुसती गाठच असेल तरी टाकून देऊ नका, ती गाठ चाकूच्या टोकानं दोन-चार ठिकाणी हलकी ओरखडा, परत पावडर, परत ताजं मॉस, परत बांधा. मी असं केलंय आणि दुसऱ्या खेपेला मुळ्या आल्यात.

पाचगणीत बर्फ पडत नाही, त्यामुळं ऑक्टोबरमध्ये मुळ्या कमी वाटल्या तर गुटी हिवाळाभर झाडावरच राहू दे आणि पालवीचे डोळे फुगायला लागतील तेव्हा कापा. कापताना मॉस झाडायचं नाही, तसंच्या तसं कुंडीत. मातीत बारीक दगडी चुरी, कोळसा, थोडं शेणखत, पाणी धरून न ठेवणारं मिश्रण. झाड कुंडीला सुतळीनं बांधा, ते वाऱ्यानं हललं तर कोवळ्या मुळ्या आतल्या आत तुटतात, आणि पाचगणीचा वारा तुम्हाला माहितीये. पहिलं वर्ष फांद्यांना वळण द्यायची तार नाही, बोन्सायचा ट्रे नाही, साधी कुंडी आणि सावली. मॉस सोडवून खाली जाणाऱ्या मुळ्या छाटायचं काम पुढच्या वर्षी, डोळे फुगताना.

आता साताऱ्याच्या गच्चीचं. दादा, नका आणू. मन मोडतं मला कळतं, पण खरं सांगते. जपानी मेपल जपान-कोरियाकडचं झाड, त्याला हिवाळ्यात झोप लागते, सलग कित्येक आठवडे थंडी, पारा सात अंशांच्या आसपास किंवा खाली. आपल्या साताऱ्याला जानेवारीत पहाटे पारा दहा-बारापर्यंत उतरतो आणि दुपारी परत अठ्ठावीस-तीस. झाड धड झोपत नाही, धड जागं होत नाही. मी स्वतः गोडोलीतल्या गच्चीवर एक ठेवला होता. पहिल्या वर्षी छान, दुसऱ्या वर्षी पालवी उशिरा आणि बारीक, एप्रिलच्या उन्हात पानांच्या कडा विडी जळावी तशा जळत गेल्या, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तो गेला. पाणी देऊन, जाळी लावून, सगळं करून गेला. ते झाड मेलं माझ्या हट्टामुळं, त्यानंतर मी गच्चीसाठी मेपल मागणाऱ्या कुणालाही आधी हे सांगते.

पाचगणी-महाबळेश्वरला तेराशे मीटरच्या आसपास उंची आहे, वेण्णा तलावाच्या काठाला थंडीत कधी कधी दवबिंदू गोठल्याचे फोटो पेपरात येतात, तिथं तुमच्या भावाचं झाड इतकी वर्षं जगलंय म्हणजे त्याला ती जागा मानवलीये. बोन्सायही तिथंच ठेवा, तुम्ही शनिवार-रविवार जात असाल तर आनंदच. मेपलमध्ये उन्हाला जरा सोसणारा हवा असेल तर ट्रायडंट मेपल बघा, तीन बोटांच्या पानाचा, चीन-तैवानकडचा, त्याला गुटीही जपानीपेक्षा लवकर लागते. आणि आपल्या हिमालयातलाच एक मेपल आहे, एसर ऑब्लाँगम, त्याच्या पानाला बोटंच नसतात, साधं लांबट पान, बघून कुणी मेपल म्हणणार नाही, पण बी पाहिलं की कळतं, तेच दोन पंखांचं भिरभिरं.

मी ऑनलाइन निळ्या मेपलच्या बिया मागवल्या, २० बिया आल्या, कुंडीत लावून दोन महिने झाले, काहीच उगवलं नाही. फसवणूक आहे का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

हो ताई. निळ्या पानांचा मेपल जगात कुठंच नाही, तो फोटो रंगवलेला असतो. तुमच्या पाकिटात काय आलं ते बघून घ्या, मेपलचं बी दोन-दोनच्या जोडीनं पंखासारखं असतं, पंख काढलेलं असलं तरी चपटं. गोल मोहरीसारखं असेल तर ते मेपल नव्हेच. आणि खरं बी असलं तरी ते असं उगवत नाही. ओल्या मॉसमध्ये किंवा रेतीत घालून फ्रीजमध्ये, चार-पाच अंशांना, तीन-चार महिने ठेवावं लागतं, मग बियाला वाटतं हिवाळा संपला. सांगलीच्या उन्हाळ्यात तेवढं सगळं करून आलेलं रोप जगवणं अवघड आहे, पैसे गेले ते गेले, पुढचे घालू नका.

आमच्याकडं दरवर्षी पावसाळ्यात डाळिंबाच्या गुट्या बांधतात, बाग लावायला. मुलीला बोन्सायचं वेड लागलंय. बागेच्या गुटीत आणि बोन्सायच्या गुटीत फरक काय करायचा? जुनी बाग पण काढायची आहे यंदा.
— एक शेतकरी, आटपाडी तालुका

काका, माझ्या माहेरचं पत्र, आनंद वाटला. तुमच्या घरात जो हात आहे तो शहरातल्या बोन्सायवाल्यांना वर्षानुवर्षं क्लास करून येत नाही, मुलीला सांगा आधी घरातच शिक.

फरक तीन गोष्टींत. बागेसाठी तुम्ही पेन्सिलीएवढी सरळ, जोमदार फांदी निवडता, बोन्सायसाठी तिनं जाड, वाकडी, जुन्या सालीची निवडायची, अंगठ्याएवढी किंवा त्याहून जाड, आणि तुम्ही एरवी जी गाठाळ म्हणून सोडून देता तीच तिच्या कामाची. जाड फांदीला अडीच सेंटीमीटरचा ठरलेला माप पुरणार नाही, जाडीच्या दीडपट-दुप्पट काढायची. दुसरं, बागेच्या गुटीला एका बाजूनं चार मुळ्या आल्या तरी रोप लागतं, बोन्सायला चारी बाजूंनी हव्यात, म्हणून वरची कड एकाच पातळीत सरळ गोल पाहिजे, तिरकी गेली की वरच्या टोकाला मुळ्या कमी येतात. आणि तिसरं, घाई. बागेत महिना-दीड महिन्यात मुळ्या दिसल्या की तुम्ही उतरवता, जाड फांदीला दोन-अडीच महिने द्या.

ज्या झाडावर तेल्या रोगाचा एक डाग जरी असेल किंवा ज्या ओळीत झाडं वाळवणारा मर रोग लागलाय तिथली गुटी घेऊ नका, बोन्सायसाठी सुद्धा नाही. हौसेची एक कुंडी घरात आली आणि तिथून तेल्या शेजारच्या नव्या बागेत गेला तर केवढ्याला पडेल ते मी तुम्हाला सांगायला नको.

आणि बाग काढणार असाल तर जेसीबी यायच्या आधी मुलीला ओळीओळीतून फिरवा. जुन्या डाळिंबाच्या बुंध्याला आपोआप पीळ पडतो, साल दोरखंड वळल्यासारखी दिसते. जपानमध्ये पीळदार बुंध्याच्या डाळिंबाला बोन्सायमध्ये फार मान आहे, आणि तुमच्याकडं तसले बुंधे जळणात जातात. निरोगी झाडातले दोन-चार चांगले बुंधे गुडघ्याच्या खाली कापून, मुळांचा गोळा सांभाळून खणून काढा, गोणपाटात बांधा, मोठ्या कुंडीत रेतीमिश्रित मातीत लावा, सावलीत ठेवा. सगळे लागणार नाहीत. पण जो लागेल तो पंधरा-वीस वर्षांचा बुंधा तिला पहिल्याच दिवशी मिळाला, दुकानात असला बुंधा घ्यायला गेलात तर किंमत ऐकून परत याल.

आमच्या जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवलाय, मनगटाएवढा झालाय, भिंत फुगायला लागलीये. गवंडी म्हणतो पावसाळा संपला की काढू. सासूबाईंना पिंपळ तोडायचा नाही, त्यांना फार वाईट वाटतंय, आणि खणून काढता येत नाही कारण मुळं दगडांत गेलीत. काही मार्ग आहे का?
— एक वाचक, वाई

ताई, आहे, आणि सोपा आहे. पिंपळ, वड, उंबर, नांदरुक, ही सगळी एकाच कुळातली, यांच्याइतकी गुटीला राजी झाडं दुसरी नाहीत. वड तर स्वतःहूनच फांदीतून पारंब्या सोडतो.

गवंडी पावसाळ्यानंतर येणार आहे म्हणजे तुमच्याकडं नेमका हवा तेवढा वेळ आहे. जूनमध्ये पाऊस लागला की भिंतीपासून वीतभर वर, जिथं हात नीट फिरतो तिथं, खोडाची साल काढा. मनगटाएवढं म्हणजे पाच सेंटीमीटर धरलं तर आठ-दहा सेंटीमीटरचा पट्टा. पांढरा चीक भळाभळा येईल, घाबरू नका, ओल्या फडक्यानं पुसत राहा, अर्ध्या तासात थांबतो, तो कडेवर वाळून बसला तर मुळीला अडथळा होतो म्हणून पुसायचा. डोळ्यात जाऊ देऊ नका. मग खरवडणं, मॉस, प्लॅस्टिक, सगळं वर लिहिल्यासारखंच, फक्त मॉसचा गोळा नारळाएवढा. पिंपळाला हार्मोनची गरज नाही. मॉस महाग वाटलं तर भिजवून पिळलेलं कोकोपीट चालेल. चार ते सहा आठवड्यांत मुळ्या दिसतील पण खोड जाड आहे, वरचा पसारा मोठा आहे, म्हणून सप्टेंबरपर्यंत राहू द्या. मधूनमधून बघत राहा, प्लॅस्टिक फाटलं तर खारी आणि बुलबुल मॉस ओढून नेतात, मुंग्याही घर करतात.

पितृपक्षाच्या सुमारास पावसाचा जोर कमी झाला की कापा, वरच्या फांद्या निम्म्या कमी करा, पानं कमी झाली की नव्या मुळ्यांवर ताण येत नाही. एवढं मोठं झाड कुंडीत किती दिवस ठेवायचं हा तुमचा प्रश्न. नदीच्या बाजूला, शेताच्या बांधावर, घरांपासून लांब जागा असेल तर तिथं लावा, सासूबाईंच्या हातानं. आणि त्याच झाडाच्या एका लहान फांदीला आत्ताच वेगळी गुटी बांधून ठेवा, करंगळीएवढी असली तरी चालेल, ती बोन्सायसाठी. मेपलच्या लाल पानांचं ज्यांना वेड आहे त्यांनी पिंपळाची नवी पालवी उन्हात धरून बघावी, तांबूस, गुलाबी, आरपार दिसणारी, आणि ती आपल्या हवेत आपोआप येते, कुठला फ्रीज लागत नाही की बर्फ लागत नाही.

भिंतीतलं खोड आणि मुळं मात्र गवंड्याकडून पूर्ण काढून घ्या. एवढासा तुकडा दगडाच्या सांध्यात राहिला तरी पुढच्या पावसाळ्यात तो परत फुटतो आणि सासूबाईंना परत तेच दुःख.

गुटीनं केलेलं कामिनीचं रोप आहे, वर्ष झालं, पण पानांची टोकं सतत करपतात. पाणी रोज देतो, बोअरचं. खत पण देतो.
— एक वाचक, मिरज

बोअरच्या पाण्यातले क्षार. कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरट थर बसलाय का बघा, बसला असेल तर खात्रीच. आपल्या कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींचं जे होतं तेच लहान प्रमाणात कुंडीत होतं, पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं. गुटीच्या झाडाला सोटमूळ नसतं, सगळ्या मुळ्या वरच्या थरात, त्यामुळं त्याला हे आधी जाणवतं. खत दोन महिने बंद करा. पावसाळ्यात कुंडी उघड्यावर पावसात ठेवा आणि खालचं भोक मोकळं आहे ना ते काडी घालून बघा, चार-सहा मोठ्या सरींत बरेच क्षार धुऊन जातील. छपराचं पाणी पिंपात धरता आलं तर दिवाळीनंतर तेच आठवड्यातून एकदा भरपूर घाला, खालून वाहून जाईपर्यंत. करपलेली टोकं परत हिरवी होणार नाहीत, नवीन पानं कशी येतात ते बघा आणि ऑगस्टच्या शेवटी मला एक फोटो पाठवा.